महालक्ष्म्यांचा प्रकल्प आणि खिशातला दुसरा कॅमेरा : माझ्या नोंदी

७ जुलै २०२४, रविवार

मागच्या वर्षीचे महालक्ष्म्यांचे फोटो आज परत उघडून बसलो, सकाळी पोहे झाल्यापासून ते दुपारी आईने जेवायला तीनदा हाक मारेपर्यंत. इंदूरच्या मराठी घरांतल्या महालक्ष्म्या एकेक करून टिपायच्या हे काम २०२३ मध्ये सुरू केलं, तेव्हा नऊ घरं झाली होती, रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर आणि राजवाड्यामागची दोन जुनी घरं. यंदा बारा करायचीत. गौरी आवाहन १० सप्टेंबरला आहे म्हणजे हातात दोन महिने.

फोटो वाईट नाहीयेत. मखर छान आलेत, मुखवटे छान, फुलोरा छान. पण माणसं बघितली की काहीतरी अडतं, सगळी उभी आहेत, पदर सारखा केलेला, हात समोर, नजर माझ्याकडे. रामबागेतल्या माई आजी, वय ऐंशीच्या पुढे, पुरण वाटत होत्या आणि काय सुंदर चाललं होतं ते, एक पाय दुमडलेला, पाट्यावर वरवंटा, बडबड चालूच. मी कॅमेरा उचलला आणि सगळं थांबलं. "थांब रे बाबा, पदर तरी घेऊ दे." हात पुसले, पदर घेतला, ताठ बसल्या. फोटो आला तो पाट्यासमोर बसलेल्या पाहुण्या बाईचा, पुरण वाटणाऱ्या माईंचा नाही.

मोजून बघितलं, नऊ घरांत मिळून ज्यात कुणीतरी आपल्या कामात आहे आणि मी तिथे नाहीच असं वाटतं असे फोटो फक्त ११. बाकी सगळे मला पोज देऊन दिलेले फोटो आहेत.

कॅमेरा निकॉन डी७५० आहे, त्यावर २४-१२० एफ/४. कॅमेऱ्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही, दहा वर्षं जुनं मॉडेल आहे पण अंधारात अजूनही विश्वासाचं. फक्त आज किचनमधल्या वजनकाट्यावर ठेवला तर पट्ट्यासकट १ किलो ६०० ग्रॅमच्या आसपास भरला, आणि लेन्सचं तोंड ७७ मिलिमीटरचं. दहा बाय दहाच्या देवघरात ते समोर आलं की कुणीही सावरून बसणारच ना. आवाज कमी करणारा क्यू मोड लावला तरी आरसा उडाल्याचा आवाज होतो तो होतोच.

तर यंदा दुसरा, छोटा कॅमेरा घ्यायचा. मोठ्याला रिटायर नाही करायचं, मोठ्याच्या जोडीला घ्यायचाय.

१४ जुलै, रविवार

सगळ्यात आधी फोनचा विषय मिटवून टाकला, कारण घरी पहिला प्रश्न तोच आला. फोनने मागच्या वर्षीही काढलेत आणि अडचण क्वालिटीच्याही आधीची आहे. फोन वर केला की बायका उलट जास्त तयार होतात, फोटो म्हणजे लगेच बघायचा, लगेच ग्रुपवर टाकायचा, "दाखव दाखव, मला पाठव" सुरू होतं आणि कामं बाजूलाच राहतात. शिवाय समईच्या उजेडातला चेहरा फोन स्वतःच्या मनाने उजळतो, सुरकुत्या पुसतो, सावल्या भरतो. माईंच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसलेला फोटो मला नकोच आहे.

मग लाइटरूममध्ये (फोटो लावायच्या-सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मागच्या वर्षीचे निवडलेले सगळे फोटो फोकल लेंथप्रमाणे लावून बघितले, म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याप्रमाणे, लहान आकड्यात जास्त रुंद दिसतं, मोठ्यात लांबचं जवळ येतं. दुसरा कॅमेरा घ्यायचा विचार असणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा करून बघावं, अर्ध्या तासात डोक्यातला निम्मा गोंधळ कमी होतो. माझ्याकडे २४ ते ३० मध्ये जवळपास सगळे अख्ख्या मखराचे, ट्रायपॉडवरून काढलेले. ८० च्या पुढे मुखवटे, नथी, फुलोऱ्यातल्या करंज्या. आणि माणसं जवळजवळ सगळी ३५ ते ५० मध्ये.

म्हणजे दोन्ही टोकं मोठा कॅमेरा नीट सांभाळतो आणि तिथे घाईही नसते, मखर कुठे पळून जात नाही. मधली जागा आहे ती माणसांची आणि घाईची. छोट्या कॅमेऱ्याला एवढी एकच जागा सांभाळायचीय.

२१ जुलै, रविवार

आठवडाभर ऑफिसातून आल्यावर हेच चाललंय. यादी अशी झाली: सोनी आरएक्स१०० मालिकेतला तिसरा, कॅनन जी७एक्स मार्क टू, पॅनासोनिक एलएक्स१००, फुजी एक्स१००व्ही, रिको जीआर थ्री आणि त्याचाच भाऊ थ्री एक्स.

सेन्सरचं गणित आज कागदावर मांडलं. सोनी आणि कॅननमध्ये आहे त्याला एक इंच सेन्सर म्हणतात पण तो कुठूनही एक इंच नसतो, १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, ते नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या ट्यूबच्या मापावरून चालत आलंय. क्षेत्रफळ साधारण ११६ चौरस मिलिमीटर. फुजी आणि रिकोमध्ये आहे तो एपीएस-सी म्हणजे २३.५ बाय १५.६, साधारण ३६७. माझ्या डी७५० चा फुल फ्रेम ८६४. म्हणजे एपीएस-सी हा एक इंचीच्या तिप्पट मोठा आणि फुल फ्रेम सातपटीहून जास्त.

आता सोनीवाला म्हणेल की माझी लेन्स एफ/१.८ आहे आणि जीआरची एफ/२.८ (आकडा लहान म्हणजे लेन्स जास्त उघडी, उजेड जास्त), मग अंधारात मीच पुढे. तेही तपासलं. १.८ आणि २.८ मध्ये सव्वा स्टॉपचा फरक आहे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), सेन्सरच्या आकारात दीड स्टॉपहून थोडा जास्त. म्हणजे सोनी अगदी वाइडला असताना दोघं जवळपास बरोबरीत येतात, जीआर किंचित पुढे. पण ते १.८ फक्त २४ लाच मिळतं, झूम जरा पुढे सरकवला की लगेच २.८ वर येतं, आणि मला लागणार आहे ३५-५० ची जागा. तिथे दोघांचं एफ/२.८ आणि सेन्सरचा पूर्ण दीड स्टॉपचा फरक उरतो. देवघरात समई, वर एक पिवळा बल्ब आणि मखराच्या एलईडी माळा, एवढ्याच उजेडात काम असतं, त्यामुळे हा फरक माझ्यासाठी कागदावरचा नाहीये.

एलएक्स१०० चांगला आहे, एक इंची आणि एपीएस-सीच्या मधल्या मापाचा फोर थर्ड्स सेन्सर, २४-७५, एफ/१.७ पासून सुरू, व्ह्यूफाइंडरसुद्धा. पण जवळपास ४०० ग्रॅम आणि लेन्स पुढे आलेली, कुर्त्याच्या खिशात मावत नाही. घरात पूजेला मी कुर्ता घालून जातो, कमरेला बॅग लावून आत बसायचं म्हणजे पुन्हा फोटोग्राफरच झालो.

२७ जुलै, शनिवार

जेल रोडच्या मागे एक छोटं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे, तिथे गेलो. मालक ओळखीचे, "आओ भिया" म्हणत सगळं काउंटरवर मांडलं.

एक्स१००व्ही हातात घेतला आणि खरं सांगतो पाच मिनिटं दुसरं काही सुचलं नाही. काय डायल आहेत, तो ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर, एफ/२ ची लेन्स. नवा एक्स१००व्हीआय फेब्रुवारीत जाहीर झाला तेव्हापासून त्याला रांगा लागल्यात आणि त्यामुळे जुन्याचाही भाव चढलेलाच, पण मन बाजूला घेतलं ते पैशामुळे नाही. मी तो हातात फिरवत असताना दुकानात आलेली दोन अनोळखी माणसं जवळ आली, एकाने विचारलं, रीलवाला है क्या, म्हणजे फिल्मचा आहे का, दुसऱ्याने हातात मागितला. इतका देखणा कॅमेरा आहे की लोक त्याच्याकडे बघतात. आणि मला तर असा हवाय की ज्याच्याकडे कुणाचं लक्षच जाणार नाही.

जीआर थ्री बघितला. काळा, सपाट, कडांना जरा घासलेला, काउंटरवर पडला होता तर मला वाटलं कुणाचा तरी जुना डिजिटल कॅमेरा राहिलाय. २५७ ग्रॅम. एका हातात बसतो, अंगठ्याने सगळं होतं. शटर दाबलं आणि आवाज आला की नाही ते कळायला परत दाबावं लागलं, कारण लेन्समध्येच पाकळ्यांचं लीफ शटर आहे, आरसा नाही आणि पडदा नाही.

व्ह्यूफाइंडर नाही. फ्लॅश नाही. झूम नाही. स्क्रीन हलत नाही. बॅटरी कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे २०० फोटो. घरी येताना लोखंडे पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये उभा राहून हेच मोजत होतो, नाही-नाही-नाही.

४ ऑगस्ट, रविवार

जीआर दोन येतात, थ्रीमध्ये २८ मिलिमीटरइतकी दिसणारी लेन्स आणि थ्री एक्समध्ये ४०. बाकी कॅमेरा जवळपास तोच. आता कोणता, हे घरबसल्या ठरवायचं होतं म्हणून मोठ्याच कॅमेऱ्यावर प्रयोग केला, झूमची रिंग २८ ला फिरवली आणि वरून मास्किंग टेप लावून टाकली. पूर्ण आठवडा हलवायची नाही. मग पुढचा आठवडा ४० ला.

२८ चा आठवडा काल संपला. बाहेर मजा आली, सराफ्यात रात्री, खजुरी बाजारात, गर्दीत घुसलं की सगळं मावतं. पण घरात आईला भाकऱ्या थापताना काढली तर आईच्या मागे फ्रिज, फ्रिजवरचं कॅलेंडर, वॉशिंग मशीनचा पाइप, सगळे हजर. हे नको असेल तर फूटभर पुढे सरकायचं, आणि पुढे सरकलं की पुन्हा तेच, आईच्या तोंडापुढे कॅमेरा.

हिशेब साधा आहे. दोन मीटरवरून २८ मध्ये अडीच मीटरहून जास्त रुंदी येते, ४० मध्ये १.८ मीटर. समोरासमोर पाटावर दोघं बसलेत, मध्ये ताट आहे, तर दोन मीटर हे बोलायचं अंतर आहे. त्या अंतरावरून १.८ मीटरमध्ये एक माणूस, तिचे हात आणि हातातलं काम एवढं नेमकं बसतं.

आज सकाळी टेप काढून ४० वर लावली.

११ ऑगस्ट, रविवार

४० चा आठवडा. आत्याकडे गेलो होतो, तिथे ती आणि शेजारच्या काकू नागपंचमीच्या गप्पा मारत श्रावणी सोमवारची तयारी करत होत्या. ४० ने दोघींपैकी एकच येत होती आणि दुसरीचा फक्त हात. आधी चिडलो, मग घरी येऊन बघितलं तर तो दुसरीचा हात असलेलाच फोटो सगळ्यात चांगला निघाला. मावत नाही म्हणून निवडावं लागतं आणि निवडलं की फोटोला काही म्हणायचं असतं.

पण एक धोका लिहून ठेवतो, अगदी छोट्या स्वयंपाकघरात ४० ला भिंत पाठीला लागते. तिथे पाठ टेकून बसायचं आणि जे येईल ते घ्यायचं.

ठरलं, थ्री एक्स.

व्ह्यूफाइंडर नसण्याबद्दल मात्र बराच विचार केला. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, स्क्रीन लांब धरली तर स्पष्ट दिसते, मग आज आत्याकडे मुद्दाम मोठा कॅमेरा लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघायच्या मोडवर ठेवून छातीशी धरला आणि बोलत राहिलो. आत्या माझ्याकडे बघून बोलत होती. माझ्या तोंडाकडे, कॅमेऱ्याकडे नाही. डोळ्याला कॅमेरा लावला की समोरच्या माणसासाठी माझा चेहराच जातो, उरते फक्त काच, मग ती माणसं काचेशी कशी बोलणार. इतकी वर्षं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे ज्या "नाही"ला मी सगळ्यात जास्त घाबरत होतो तीच गोष्ट मला उपयोगाची आहे. उन्हात स्क्रीन दिसणार नाही, ती अडचण खरीच आहे, पण माझं काम घरातलं आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

नवा कुठे लगेच मिळत नाहीये, म्हणून सेकंडहँड. पहिला बघितला तो आज नापास केला.

विकणाऱ्याने "एकदम मिंट, फक्त दोनदा वापरला" सांगितलं होतं. मी पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ ला, मुद्दाम आउट ऑफ फोकस, एक फोटो काढला आणि स्क्रीनवर मोठा करून बघितला, तर वरच्या कोपऱ्यात तीन आणि मध्ये एक काळपट डाग. सेन्सरवर धूळ. एफ/२.८ ला काही दिसत नाही, म्हणून विकणारे नेहमी उघड्या लेन्सचेच फोटो पाठवतात. लेन्स आत-बाहेर होणाऱ्या कुठल्याही कॅमेऱ्यात हवा आत ओढली जाते आणि बरोबर खिशातली धूळ, सुताचे तंतू, सगळं. मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स काढून ब्लोअरने साफ करता येतो, यात लेन्स निघतच नाही, पूर्ण खोलावा लागतो. त्यांना डाग दाखवले तर म्हणाले ते एडिटमध्ये जातात. नमस्कार करून निघालो.

२४ ऑगस्ट, शनिवार

पहाटेच्या बसने भोपाळ, एका निवृत्त गृहस्थांकडे. ते स्वतः फोटो काढणारे, कॅमेरा त्यांच्या मुलाने जपानहून आणलेला, पण त्यांना झूम नाही म्हणून सवय झाली नाही. कॅमेरा मऊ कापडी पिशवीत, पिशवी डब्यात, डब्यात सिलिका जेल. तिथेच माझा अर्धा निर्णय झाला होता.

तरी सगळं तपासलं. एफ/१६ ला भिंत, स्वच्छ. दहा वेळा चालू-बंद, लेन्स सरळ बाहेर येते, कुठे घासत नाही, बोटाने हलकं दाबलं तर खुळखुळत नाही. चारही कोपऱ्यांत विटांच्या भिंतीचा फोटो, एक कोपरा बाकीच्यांपेक्षा मऊ नाही ना. यूएसबी-सीने चार्जिंग होतंय. बॅटरी फुगलेली नाही. प्रत्येक बटण, मागची गोल चकती दोन्ही दिशांना. गृहस्थांनी चहा-शेव दिलं आणि जाताना म्हणाले, वापरा हो, डब्यात ठेवू नका.

परतीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर झोपलेल्या लहान मुलीचा पहिला फोटो काढावा असं फार वाटलं, पण तिची आई जागी नव्हती, विचारता आलं नसतं. खिडकीचा काढला.

२५ ऑगस्ट, रविवार

आज पूर्ण दिवस जुळणीत गेला. दोन कॅमेऱ्यांचे फोटो एकाच भिंतीवर शेजारी लागणार आहेत, तेव्हा रंग वेगवेगळे दिसले तर प्रकल्पाचे दोन तुकडे होतील. कलर चार्ट माझ्याकडे आहे पण मी वेगळंच केलं, देवघरातला करंडा खिडकीत ठेवला, एका खणात हळद, एकात कुंकू, खाली आईची जांभळी काठाची साडी, आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी रॉ मध्ये (कॅमेऱ्याने स्वतः न सुधारलेल्या कच्च्या फाइलमध्ये) तेच तेच काढलं. महालक्ष्म्यांच्या फोटोत हेच तर रंग असतात.

फरक चांगलाच दिसला. निकॉनमध्ये हळद उबदार, जीआरमध्ये तीच हळद किंचित हिरवटाकडे. कुंकवाचं तर दोघांतही अवघड, लाल इतकं भडक की त्याचा कणीदारपणा जाऊन सपाट लाल डाग होतो. एक्सपोजर पाऊण स्टॉप कमी केलं तेव्हा करंड्यातल्या कुंकवावर बोटाने दाबल्याची जी रेघ होती ती परत दिसायला लागली, मधोमध एक खळगा आणि त्याच्या कडेला सांडलेले कण. आईचंच बोट, आज सकाळचं. त्या रेघेवर दोन्ही कॅमेरे जुळवले. आता लाइटरूममध्ये जीआरसाठी वेगळा प्रीसेट, म्हणजे जपून ठेवलेली तयार सेटिंग आहे, पिवळा जरा नारिंगीकडे सरकवलेला, लाल थोडा खाली, आणि आयात करतानाच लागतो.

स्नॅप फोकस हीदेखील आजच समजून घेतली, ह्याच्यासाठीच लोक हा कॅमेरा घेतात. अंतर आधी ठरवून ठेवायचं, समजा अडीच मीटर, आणि बटण एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, सरळ तिथलाच फोटो घेतो. एफ/५.६ ला अडीच मीटर धरलं तर साधारण १.८ पासून ४ मीटरपर्यंत सगळं चालण्यासारखं स्पष्ट येतं. एफ/४ ला ते २ ते साडेतीनवर येतं. अंधारात याचा ऑटोफोकस जरा चाचपडतो, त्यावर हा उपाय.

१ सप्टेंबर, रविवार

सराव. पहाटे पोह्यांच्या ठेल्यावर, रात्री सराफ्यात भुट्ट्याच्या किसाच्या कढईसमोर. पोहेवाल्याने मला रोजच्यासारखंच "शेव ज्यादा?" विचारलं आणि फोटो झालेला होता.

एक गोष्ट एलईडी माळांची. मागच्या वर्षी मोठ्या कॅमेऱ्यात १/२५० च्या वर गेलं की मखरावर आडवे काळे पट्टे यायचे, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, स्वस्त माळा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि पडद्याचं शटर फ्रेमचा एकेक भाग वेगवेगळ्या क्षणी उघडतं. लीफ शटर पूर्ण फ्रेम एकदम घेतं, पट्टा येत नाही, पण मग एक फोटो उजळ आणि पुढचा मंद असा खेळ होतो. दोघांनाही औषध एकच, १/१०० किंवा १/५०. जीआरमध्ये स्थिरीकरण आहे त्यामुळे १/५० ला माझा हात हलल्याचं दिसत नाही, फक्त समोरच्याने हात जोरात हलवला की हात पुसट येतो. तो तसा चालेल.

बॅटऱ्या एकूण तीन झाल्या, याला ऑलिम्पसच्या जुन्या एका मॉडेलची बॅटरीही बसते म्हणून दुकानात शोधाशोध करावी लागली नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार. आवाहन

चार घरं. दारातून हळदीकुंकवाच्या पावलांवरून मुखवटे आत येतात, "गौराई आली, कशाच्या पावलांनी आली?" "सोन्यामोत्यांच्या पावलांनी", हे सगळं दोन मिनिटांत होतं आणि परत होत नाही. मोठा कॅमेरा कोपऱ्यात ट्रायपॉडवर मखराकडे तोंड करून ठेवला, रिमोट डाव्या खिशात. जीआर उजव्या हातात, मनगटाला दोरी. मी उंबऱ्याशी बसूनच होतो.

मागच्या वर्षी उंबऱ्याशी उभं राहून मी वाट अडवत होतो, यंदा कुणी "जरा बाजूला हो रे" म्हणालं नाही.

११ सप्टेंबर, बुधवार. पूजन

आजचं लिहायला रात्रीचा एक वाजलाय, पण आजच लिहायचं.

माईंकडे सकाळी सात वाजताच गेलो. सोळा भाज्यांची चिराचिर चाललेली, सुना, नातसून, पुण्याहून आलेली लेक. मी मोठी बॅग बाहेरच्या खोलीत ठेवली आणि रिकाम्या हाताने आत जाऊन बसलो. चहा घेतला. भेंड्या चिरून दिल्या. जीआर मांडीवर होता.

माई पुरण वाटायला बसल्या. दोन मीटर. १/५०, एफ/२.८, आयएसओ ३२००, कॅमेरा छातीशी. त्या त्यांच्या सासूबाईंबद्दल सांगत होत्या, की पूर्वी महालक्ष्म्यांना पाणी आणायला विहिरीवर जायचं आणि परत येईपर्यंत बोलायचं नाही, आणि एकदा वाटेत साप दिसला तरी माई स्वतः बोलल्या नव्हत्या. मी "मग?" म्हणालो. त्या वरवंटा थांबवून माझ्याकडे बघून हसल्या, "मग काय, साप गेला त्याच्या कामाला, मी माझ्या." आणि परत वाटायला लागल्या. पदर खांद्यावरून घसरलेला, कोपरापर्यंत पुरणाचा पिवळा हात, पाट्याच्या कडेला गूळ वितळून चिकटलेला, आणि वरवंट्याच्या टोकाला त्यांची अंगठ्याची पकड, नखाजवळ साल अडकलेलं. सगळं आलं. त्यांनी पदर घेतला नाही.

त्यांना माहीत होतं मी फोटो काढतोय, सकाळीच विचारलं होतं आणि "काढ की" म्हणाल्या होत्या. लपून काही काढायचं नाही हा नियम छोट्या कॅमेऱ्याला जास्त लागू आहे, कारण याने लपून काढणं सोपं आहे.

दुपारी आरतीनंतर मोठा कॅमेरा लावला आणि पूर्ण मखर, दोन्ही महालक्ष्म्या, पुढे बाळं, सोळा भाज्यांचं ताट, सगळं सावकाश ट्रायपॉडवरून. तिथे मोठाच हवा. मुखवट्यांच्या डोळ्यांतलं काजळ १२० ला जसं आलंय तसं जीआरला जमलं नसतं. शेवटी सगळ्यांनीच म्हटलं एक ग्रुप फोटो काढ, तर तोही मोठ्याने, सगळे पदर घेऊन, ताठ, नजर समोर. तोही फोटो हवाच असतो घरात, तो त्यांचा आहे.

१२ सप्टेंबर, गुरुवार. विसर्जन

फोटो कॉम्प्युटरवर घेतले आणि सगळा क्रम विस्कटलेला. सकाळचं पुरण आरतीच्या वेळेत आणि संध्याकाळचं हळदीकुंकू मध्यरात्रीच्या पुढे, १२ तारखेत. जीआरचं घड्याळ साडेतीन तास पुढे. कॅमेरा जपानहून आलेला, घड्याळ टोकियोचंच राहिलं, तारीख बरोबर दिसली म्हणून मी वेळेकडे बघितलंच नाही. सगळी तपासणी केली आणि ही एक राहिली.

लाइटरूममध्ये जीआरचे सगळे निवडून पहिल्या फोटोला बरोबर वेळ दिली, बाकीचे तेवढ्याच फरकाने मागे सरकले. आता पुढच्या वेळी निघण्यापूर्वी दोन्ही कॅमेऱ्यांनी माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा एकेक फोटो काढणार, म्हणजे फरक किती ते फोटोतच नोंदलेलं राहील.

१७ सप्टेंबर, मंगळवार. अनंत चतुर्दशी

हे प्रकल्पातलं नाही, पण इंदूरमध्ये राहून झांक्या, म्हणजे ट्रकवरचे सजवलेले देखावे, बघायला जाणार नाही असं होत नाही. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली तरी तिची झांकी निघते, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, सगळ्या मिलच्या निघतात, त्या कामगारांची मुलं-नातवंडं जीव ओतून बनवतात. जीआर एकटाच नेला होता, मुद्दाम.

जेल रोडच्या गर्दीत लोकांचे फोटो उत्तम आले, खांद्यावर बसलेली पोरं, आखाड्यातला लाठी फिरवणारा, भजीवाला. पण झांक्या नाही. ट्रकवर उंच, लांब, लाइट झगझगीत, ४० ने एक झांकी पूर्ण बसत नाही आणि लांबून घ्यावी तर मध्ये शंभर डोकी. तिसरी बॅटरी रात्री साडेबाराला संपली आणि अजून निम्म्या झांक्या यायच्या होत्या. झांक्यांना पुढच्या वर्षी मोठा कॅमेरा, एखाद्या ओळखीच्या गच्चीवरून.

२२ सप्टेंबर, रविवार

निवड पूर्ण. बारा घरं. कुणीतरी आपल्या कामात आहे असे फोटो यंदा ६४ निघाले, मागच्या वर्षी ११ होते. त्यातले ५८ जीआरचे.

काही गेलेही. नऊ-दहा फोटो स्नॅपच्या अंतराच्या आत माणूस आल्यामुळे मऊ आलेत, एफ/२.८ वर असताना स्नॅपला फार कमी जागा मिळते हे विसरलो होतो. पुढच्या वेळी घरात अंतर दीड मीटर ठेवायचं आणि जरा मागे-पुढे होण्यापेक्षा बसूनच राहायचं.

२९ सप्टेंबर, रविवार

बारा बाय अठरा इंचाच्या पहिल्या सहा प्रिंट आल्या, तीन डी७५० च्या, तीन जीआरच्या. दोन्हीकडे २४ मेगापिक्सेल, अठरा इंचाला ३३३ डीपीआय पडतो, त्यामुळे बारकावा कमी पडेल असं नव्हतंच, धाकधूक होती रंगांची. फरशीवर सगळ्या मांडल्या आणि आईला बोलावलं, कुठली कुठल्या कॅमेऱ्याची ते सांगितलं नाही. तिला ते विचारायचंही नव्हतं. ती सरळ पुरणाच्या फोटोशी खाली बसली आणि म्हणाली, हा पाटा आपल्याकडे होता तसाच आहे, टाकी लावून झालीय बघ, नवीन टाकी लावलेला दिसतोय. मी वाकून बघितलं तर खरंच, पुरणाच्या कडेला पाट्यावरचे छिन्नीचे ताजे टोचे एकेक मोजता येत होते.

माईंची प्रिंट उद्या ऑफिसला जाताना देऊन येणार. जीआरची लेन्स ब्लोअरने बाहेरून साफ केली, पिशवीत सिलिका जेल बदललं. गुरुवारी ३ ऑक्टोबरला घट बसतायत, लोकमान्य नगरातल्या काकूंनी पहाटे पाचला बोलावलंय, माती कालवण्यापासून.